जायफळाचं सूप

आमच्या घरी शेवया फक्त दुधात पडायच्या. उन्हाळ्यात जबलपूरच्या रांझी भागातल्या क्वार्टरच्या अंगणात आई पाटावर बसून त्या वळायची आणि बाजेवर जुनं धोतर अंथरून वाळवायची. आमच्या भागापासून लष्कराची रेंज फार लांब नव्हती. तिथे तोफा तपासायला उडवल्या की मांडणीवरची भांडी किणकिणायची, आणि हातातली शेवई त्या धमाक्यानेच तुटते अशी आईची पक्की समजूत होती. दादा म्हणायचा, आई, तुझी कणीक सैल झाली असेल, तोफेचं नाव कशाला घेते. आई त्याच्याकडे नुसती बघायची आणि तुटलेला तुकडा पुन्हा कणकेत मिसळायची. वाळलेल्या शेवया पत्र्याच्या उंच डब्यात जायच्या आणि सणावाराला, नाहीतर पाहुणा आला तर, तुपात भाजून जायफळ लावून त्यांची खीर व्हायची. शेवई तिखटामिठात पडू शकते हे आम्हाला कोणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. आज माझ्या अधारतालच्या घराखालच्या दुकानात नूडल्सची पाकिटं तोरणासारखी टांगलेली असतात, आणि माझी नात मिहू उपमासुद्धा त्यांचाच करते.

मला सांगायचंय ते मात्र दुसऱ्या एका भांड्याबद्दल. अंगणात, धुण्याच्या दगडाजवळच्या भिंतीला एक खिळा होता आणि त्याला एक काळा पडलेला जर्मनचा गंज, म्हणजे अल्युमिनियमचं पातेलं, टांगलेला असायचा. तो गंज बाबांचा. त्याच्याबरोबर एक डाव आणि तीन थाळ्या-वाट्या. या वस्तू कधी उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत आणि आतली भांडी कधी त्यांच्याजवळ गेली नाहीत. आईचं माहेर अमरावतीकडचं, महानुभावी. तिच्या घरात मांसाचं नावही कोणी घेत नसे. बाबांकडे सगळे खाणारे. लग्न ठरताना कोणी कोणाला काय कबूल केलं होतं ते मला माहीत नाही, पण जबलपूरला तोफांच्या कारखान्यात बाबांना नोकरी लागून दोघं इथे राहायला आले तेव्हापासून हाच रिवाज होता. घर आईचं, रविवारचं अंगण बाबांचं.

रविवारी भोंगा नसायचा. इतर दिवशी कारखान्याच्या भोंग्यावर आमचं उठणं, आमचा चहा, बाबांची सायकल बाहेर पडणं, सगळं चालायचं. रविवारी त्याच्या जागी भुसा ठोकल्याचा आवाज यायचा. बाबा शेगडीच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून चारी बाजूंनी लाकडाचा भुसा ठासायचे आणि मग बाटली अशी अलगद ओढून काढायचे की मधला बोगदा ढासळू नये. माणूस दिवसभर लोखंड कातायचा, पण या भुशापुढे श्वास रोखून बसायचा. मग बाजारातून आणलेली कोंबडी, कांदा, लसूण, वऱ्हाडी मसाला. सगळं अंगणातच वाटायचं, अंगणातच शिजवायचं. आम्ही तिघं, म्हणजे बाबा, दादा आणि मी, बाजेभोवती थाळ्या घेऊन बसायचो. आई स्वयंपाकघराच्या दाराशी, उंबऱ्याच्या आत, पाट मांडून तिची भाजी-भाकरी खायची. आमच्यात फार तर चार हातांचं अंतर असेल. ती आमच्याशी बोलायची, हसायची, दादाच्या खोड्या काढायची. पण जेवायची एकटीच.

आणि तिथे बसून ती मीठ सांगायची. तिने आयुष्यात कधी त्या गंजातला थेंब चाखला नव्हता. पण रस्सा उकळायला लागला की वाफ तिच्या दाराकडे जायची, आणि ती भाकरी थापता थापता आतूनच म्हणायची, "मीठ कमी आहे." बाबा डावातला रस्सा तळहातावर घेऊन चाखायचे. मीठ खरंच कमी असायचं. "तुले तिथून कसं समजते?" ते दरवेळी विचारायचे, आणि आई दरवेळी म्हणायची की समजते. बाबांची जीभ तंबाखूने मारलेली, सांगितल्याशिवाय त्यांना काही कळायचं नाही. त्यामुळे आमच्या घरी कोंबडी शिजवायचे बाबा, पण ती नीट व्हायची आईमुळे. मला हे त्या वयात मोठं नवल वाटायचं. त्याहून जास्त एक गोष्ट टोचायची. ज्या जेवणाचं मीठ ती बरोबर सांगते, त्या जेवणाला ती आमच्याजवळ नसते. मला ती आमच्या ओळीत, बाजेजवळ, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेली हवी असायची. दुसरं काही मी मागितल्याचं मला आठवत नाही.

एकदा बाबांच्या खात्यातले एक साहेब निवृत्त झाले आणि त्यांनी सगळ्यांना सदर बाजारातल्या एका चिनी हॉटेलात जेवायला नेलं. बाबा आले ते तिथल्या सुपाच्या गोष्टी सांगतच. पांढरंशुभ्र सूप, मलईसारखं दाट, त्यात कोंबडीचे बारीक तुकडे आणि लांबच लांब शेवया. आईला वाटलं ते थट्टा करताहेत. कोंबडीत शेवया कोण टाकेल? बाबा म्हणाले, अगं खरंच, अन् लोकं काड्यांनी उचलून खाऊन राहिले होते. पुढे कितीतरी दिवस त्या सुपाचा विषय निघायचा. दादा झाडूच्या काड्या घेऊन पोहे उचलून दाखवायचा आणि आईचा मार खायचा.

त्याच हिवाळ्यात मला मुदतीचा ताप आला. तापाचे दिवस मला नीट आठवत नाहीत. आईच्या हाताचा ओलसरपणा आठवतो, कपाळावरच्या पट्टीचं पाणी कानात जायचं ते आठवतं. ताप उतरला, पण माझी चव गेली ती आलीच नाही. भाताचा वास आला तरी पोटात ढवळायचं. पेज दिली की उलटी, मऊ भात दिला की उलटी. आईने वाटीवाटीने केलेलं सगळं मोरीत जायचं. माझे हात इतके बारीक झाले की आईने बांगड्या काढून ठेवल्या, त्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टर आमच्या ओळखीचे होते, म्हातारे, शांत. त्यांनी माझी पापणी खाली ओढून बघितली आणि बाबांना बाजूला नेऊन सांगितलं, "भैया, बुखार तो गया, पर बच्ची खाएगी नहीं तो उठेगी कैसे? मुर्गे का सूप दो, जो भी दो, पेट में टिकना चाहिए." बाजूला नेलं तरी ते मला ऐकू आलं, आणि आईलाही.

बाबांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. मधल्याच वारी अंगणात भुसा ठोकल्याचा आवाज ऐकून शेजारचे डोकावून गेले. माझी बाज उन्हात काढली होती आणि मी गोधडीत गुंडाळून पडले होते. बाबांनी मसाल्याला हातही लावला नाही. आलं, लसूण, कांदा, मिरे, एवढंच घालून कोंबडी शिजवली, हाडं काढून तुकडे बारीक केले, रस्सा गाळला. मग वाटी घेऊन माझ्याजवळ बसले. त्यांच्या बोटांना कितीही धुतलं तरी मशीनच्या तेलाचा वास असायचा. एरवी तो मला आवडायचा, पण त्या दिवशी चमचा जवळ आला आणि मी तोंड फिरवलं. दादाने माकडाची सोंगं केली, गोष्टी सांगितल्या. मी ओठ उघडले नाहीत. हट्ट नव्हता तो, खरंच उघडत नव्हते. तापात इतके दिवस पाणीसुद्धा मी आईच्या हातून प्यायले होते. दुसऱ्या हाताचं काही माझ्या घशाला ठाऊक राहिलं नव्हतं.

"आई भरवेल तर," मी म्हणाले.

बाबांनी वाटी खाली ठेवली आणि मला समजावणीच्या सुरात सांगितलं की आई हे नाही करत बेटा, तुले माहीत आहे ना. मला माहीत होतं. आई दारात उभी होती. ती पाठ फिरवून आत गेली. मला वाटलं ती रागावली. बाबांनाही तेच वाटलं असावं, कारण ते खाली बघत बसले.

मग आतून पत्र्याचा डबा उघडल्याचा आवाज आला. शेवया हाताने मोडल्याचा, कढईत तूप पडल्याचा. थोड्या वेळाने आई बाहेर आली. उंबऱ्याच्या बाहेर, शेगडीपर्यंत. एका हातात पळसाच्या पत्रावळीवर भाजलेल्या शेवया आणि दुसऱ्या हातात द्रोणात सकाळच्या दुधाची साय. भांडं भांड्याला लागू नये म्हणून तिने सगळं पानावर आणलं होतं.

"तुमच्या त्या हॉटेलवाल्यानं शेवया कधी टाकल्या होत्या? आधी की मागून?" तिने विचारलं.

बाबांना काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त खाल्लं होतं. मग आईनेच ठरवलं. गंजावर हात उंच धरून तिने वरून शेवया सोडल्या, बाबांना हलवायला सांगितलं, जाळ कमी करायला सांगितलं. लिंबू पिळायला निघालेल्या बाबांना तिने थांबवलं, साय फाटेल म्हणून. सायही तिने वरूनच सोडली, थोडी थोडी, आणि बाबा डाव फिरवत राहिले. एकाने शिजवायचं आणि दुसरीने सांगायचं हे आमच्याकडे नेहमीचंच होतं. पण दोघं एका शेगडीशी उभी असलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. रस्सा पांढरा झाला, दाट झाला, आणि त्याचा वास माझ्या बाजेपर्यंत आला.

मी विचारलं, "खीर केली का?"

आईचा हात तोंडाशी गेला. शेवया भाजल्या की त्यावर जायफळ किसायचं, चिमूटभर साखर भुरभुरायची, हे तिच्या हातांना इतकं सवयीचं होतं की हे शेवयांचं पान कशात जाणार आहे हे ते हात विसरले होते. कोंबडीच्या सुपात जायफळ आणि साखर. तिला इतकं वाईट वाटलं की तिने सगळं ओतून द्यायला सांगितलं, डब्यात अजून शेवया आहेत, मी पुन्हा भाजते म्हणाली. बाबा मात्र तिचं ऐकत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा खाण्याची काहीतरी गोष्ट आपणहून विचारली होती.

"राहू दे," ते म्हणाले. "तिले वास येऊन राहिला."

आईने वाटी उचलली. ती बाहेरची वाटी, आमची रविवारची. तिने ती दोन्ही हातांनी धरली होती आणि बाजेपर्यंत येताना तिचे ओठ हलत होते. ती देवाचं नाव घेत होती. माझ्या उशाशी बसून तिने चमचा भरला, फुंकला, आणि वाटीत अजिबात न बघता माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आ कर."

ते सूप कसं लागत होतं हे मी नंतर पुष्कळ वेळा आठवून बघितलं आहे. आधी मिऱ्याची चुरचूर, मग साय, मग त्या मऊ शेवया आणि सगळ्याच्या मागे जायफळ. सणाच्या दिवसाचा वास आणि रविवारचा वास एका चमच्यात. मी खाल्लं आणि ते पोटात टिकलं. आई दर चमच्यानंतर थांबायची, मी गिळते का बघायची. वाटी संपली तेव्हा बाबा मोरीशी तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. आईने वाटी दगडाजवळ ठेवली, आत गेली नाही, बाहेरूनच न्हाणीघरात गेली आणि डोक्यावरून अंघोळ करून आली. जबलपूरच्या थंडीत, थंड पाण्याने, कारण चूल पेटवायला आत जावं लागलं असतं.

मी उठून चालायला लागेपर्यंत हे रोज चाललं. दादा सकाळी बाजारात जायचा, बाबा कामावर निघण्याआधी रस्सा शिजवून ठेवायचे, आई दुपारी शेवया भाजायची आणि आता जायफळ मुद्दाम किसायची. मला भरवायची, अंघोळ करायची, आणि माझ्या बाजेच्या कडेला केस मोकळे सोडून उन्हात बसायची. तिच्या केसांचं पाणी गोधडीवर पडायचं. तिने कधी तक्रार केली नाही, कोणाला सांगितलं नाही. माहेरी तर हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारायचे, आई, थंडी वाजते का? ती म्हणायची, ऊन चांगलं आहे. आजही कोणी ओले केस घेऊन उन्हात बसलेलं दिसलं की आईची इतकी आठवण येते की हातातलं काम ठेवून द्यावं लागतं.

मी बरी झाल्यावरच्या पहिल्या रविवारी बाबांनी झणझणीत रस्सा केला. दादाने माझी थाळी मांडली. मी आत गेले, पाट उचलला आणि आईच्या पाटाला लावून बसले.

"बाहेर बस. बाबानं तुझ्यासाठी केलं," आई म्हणाली.

"मले नको."

"काहून?"

"तू एकटी जेवतेस."

तिने तिच्या भाकरीचा अर्धा तुकडा मोडून माझ्या ताटात ठेवला. तिला बरं वाटलं असेल असं मला वाटलं होतं, पण रात्री अंथरुणं घालताना ती चांगलीच चिडली. एवढं करून भरवलं ते काय तू सोडून द्यावं म्हणून? ताकद येण्यासाठी खायचं असते, सोबत करायसाठी उपाशी राहायचं नसते. तिचं बरोबर होतं. पण मी पुढच्या रविवारीही आतच बसले, आणि त्याच्या पुढच्याही. बाबांना थोडे दिवस वाईट वाटलं. मग ते अंगणातून ओरडून विचारायचे की आतल्या पंगतीला काय कमी-जास्त, आणि आम्ही दोघी हसायचो. मला हवी होती ती आईच्या गुडघ्याशेजारची जागा शेवटी मला मिळाली, ती बाजेजवळ नाही तर उंबऱ्याच्या आत.

सवय लागली ती लागली. लग्न होऊन मी शहरातच अधारतालला आले, सासरी सगळे खाणारे, मी नाही. कोणी कारण विचारलं तर आवडत नाही म्हणायचे. बाबा गेले, दादा पुण्याला स्थायिक झाला, आणि आई माझ्याकडे राहायला आली. ती होती तोपर्यंत आमची दोघींची पंगत चालू राहिली, फक्त पाटांच्या जागी खुर्च्या आल्या. शेवटच्या आजारात तिची चव गेली. मी भरवायचे, ती दोन घास घ्यायची आणि मान फिरवायची. एका दुपारी तिने विचारलं, "ते शेवयाचं कसं लागत होतं गं?" इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तुझ्या खिरीसारखं. ती जरा हसली. मग म्हणाली, "मी गेल्यावर खाजो. मग कोणाले सोबत करशील?"

मी हो म्हटलं, पण खाल्लं नाही. तिच्या बाजूची खुर्ची मोकळी झाली तरी मी तिथेच बसत राहिले.

मागच्या हिवाळ्यात मिहू इंदूरहून सर्दी-खोकला घेऊन घरी आली. मराठी तिला सगळं समजतं, बोलताना हिंदीच येते. तिने मोबाईलवर एक कृती काढली होती, मलईचं फ्यूजन चिकन नूडल सूप. सूनबाई ऑफिसला गेली होती, चिकन फ्रिजमध्ये होतं. "आजी, आप रहने दो, मैं बना लूँगी," ती शिंकत म्हणाली. मी म्हटलं वाचून तर दाखव. तिने वाचलं. लोणी, लसूण, मिरे, नूडल्स, शेवटी क्रीम. आणि सर्वांत शेवटी, चिमूटभर जायफळ.

मी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग तिला सोफ्यावर पांघरूण देऊन बसवलं आणि मीच उभी राहिले. चिकन शिजायला लावलं, पाकिटातल्या नूडल्स बाजूला ठेवून शेवयांचा डबा काढला. आता त्या विकतच्या असतात. तुपात भाजल्या, जायफळ किसलं, साखरेचा डबा उघडून चिमूटभर साखरही टाकली. साय वरून सोडली, हात उंच धरून. कोणतंच भांडं कोणत्या भांड्यापासून जपायचं नव्हतं, तरी हात वरच गेला. मिहूने वाटी संपवली, दुसरी मागितली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, आप तो खाती नहीं ना?"

मी माझ्यासाठी एक वाटी भरली. टेबलावर न बसता तिथेच ओट्याशी उभी राहिले. आधी वास घेतला. मिरे, साय, जायफळ, सगळं आलं. पहिला चमचा तोंडात घातला आणि मला अंगणातलं ऊन आठवलं, बाबांचा डाव आठवला, आईचे हलणारे ओठ. सगळं होतं, फक्त मीठ कमी होतं. मी दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. मी मिठाचा डबा उघडला आणि माझ्या अंदाजाने टाकलं.